दुसऱ्याच्या डोळ्यानें पाहिलेलें नृत्य

थंडीच्या दिवसांत लंडन येथील रॉयल ऑपेरा हाउसचा पडदा सायंकाळीं सातानंतर वर जातो, तेव्हां चंद्रपुरांत मध्यरात्र उलटून गेलेली असते. त्याच सुमारास वडसा-ब्रह्मपुरीकडील एखाद्या गांवीं झाडीपट्टीचें नाटक ऐन रंगांत आलेलें असतें. दिवाळी सरली कीं या नाटकांचा हंगाम सुरू होतो, आणि बायामुलें पांघरूण लपेटून पहाटेपर्यंत मंडपांत बसून राहतात. रात्र जागून खेळ पाहण्याची विद्या या प्रांतास कोणी शिकवावयास नको.

१३ नोव्हेंबर २०१८ रोजीं, दिवाळी होऊन आठवडा लोटला नाहीं तोंच, रॉयल बॅले या मंडळीनें 'ला बायादेर' हा खेळ लंडनहून अनेक देशांतील चित्रपटगृहांत थेट प्रक्षेपित केला. झाडीच्या मुलखास या खेळाचें अगत्य वाटावें असें त्यांत पुष्कळ आहे. त्यांत घोर अरण्य आहे, वाघाची शिकार आहे, आणि गोदावरीपलीकडील गोवळकोंड्याचा राजाहि आहे.

हें नृत्यनाट्य मारियुस पेतिपा यानें १८७७ सालीं सेंट पीटर्सबर्ग येथें रंगभूमीवर आणिलें. संगीत लुडविग मिन्कुस याचें. निकिया ही देवळांतील नर्तकी आणि सोलोर हा योद्धा यांचें प्रेम जडतें. परंतु राजा आपली कन्या गमझाती सोलोरास देऊं करितो, आणि फुलांच्या परडींत दडविलेला सर्प निकियेचा प्राण घेतो. पुढें अफूच्या धुंदींत सोलोरास छायांचें राज्य दिसतें. उतरणीवरून शुभ्रवसना आकृति एकामागून एक खालीं येतात. प्रत्येक जण तेंच पाऊल, तोच झोक पुन्हां पुन्हां घेते. लंडनच्या प्रयोगांत अशा २४ नर्तिका असतात, तर सेंट पीटर्सबर्गच्या मारिइन्स्की नाट्यगृहांत ३२.

थेट प्रक्षेपणाची खरी परीक्षा याच प्रवेशांत होते. चित्रपटांत चुकलेलें पाऊल पुन्हां टाकितां येतें. येथें तशी सोय नाहीं. एकीचा तोल गेला तर तो हजारों कोसांवरच्या प्रेक्षकासमोर त्याच क्षणीं जातो. कॅमेरा जवळ गेला तर घोट्याचा कंप दिसतो, पण ओळ हरपते. दूर राहिला तर ओळ दिसते, पण तिच्यामागचे श्रम दिसत नाहींत. नाट्यगृहांतील प्रेक्षक आपली दृष्टि आपण फिरवितो. प्रक्षेपण पाहणाऱ्याचा डोळा मात्र दुसऱ्याच्या हातीं असतो.

हा दुसऱ्याचा डोळा केवळ कॅमेऱ्याचा नव्हे. पेतिपा हिंदुस्थानांत कधीं आला नाहीं. 'बायादेर' हा शब्ददेखील गोव्याच्या देवळांतील नर्तकींना पोर्तुगीज ज्या नांवानें ओळखीत, त्याचेंच फ्रेंच रूप होय. १८३८ सालीं तामिळ देशांतील देवदासींचा एक मेळा प्रत्यक्ष पॅरिसांत नाचून गेला होता. तरीहि पेतिपाची निकिया पंजाच्या टोकावर उभी राहते, तें सर्वस्वीं युरोपचें पाऊल आहे. फकीर, ब्राह्मण, मूर्ति आणि वाघ हीं सारीं शोभेसाठीं एकत्र आणिलेलीं आहेत. शिकारी जो वाघ मिरवीत आणितात, तो अर्थात् कापडाचा. ताडोब्याच्या कडेला ज्याच्या घरचें माणूस मोहफुलें वेंचावयास गेलें तें परत आलें नाहीं, त्याला तो वाघ पाहून हंसावें कीं रडावें हें कळणार नाहीं.

ही उणीव आतां परदेशांतहि बोलून दाखविली जाते. २०२४ सालीं अमेरिकेंतील इंडियाना विद्यापीठांत या खेळाची कथाच हिंदुस्थानांतून उचलून हॉलिवुडमध्यें नेण्यांत आली. छायांच्या प्रवेशाचें सौंदर्य मात्र त्या कापडी वाघामुळें उणावत नाहीं. एकाच खेळांत डोळस कला आणि आंधळी समजूत शेजारीं शेजारीं नांदूं शकतात.

परंतु पेतिपास हंसणाऱ्या सुशिक्षित कुटुंबानें आपल्या डोळ्याचीहि एकदां झडती घ्यावी. भामरागड-एटापल्लीच्या रानांत माडिया लोकांचा रेला नाच आहे. हातांत हात गुंफून तरुण-तरुणी गात गात फेर धरतात, आणि पाऊल आभाळाकडे न झेपावतां जमिनीला साद घालतें. शहरांतल्या बहुतेकांनीं हा नाच पाहिलेला असतो तो एखाद्या समारंभांत, भाषणांच्या मधल्या दहा मिनिटांत. फेर मोडून नाचणाऱ्यांना पाहुण्यांकडे तोंड करून उभें केलेलें असतें. डोक्यावरचीं पिसें छायाचित्रांत उमटतात, गाण्याचा अर्थ कोणी विचारीत नाहीं. पेतिपाला निदान हजारों कोसांचें अंतर होतें. येथें मध्यें दोन-तीन तालुकेच आहेत.

दूरदेशीचें नृत्य घरबसल्या दिसूं लागलें, हें या काळाचें मोठें भाग्य. मध्यरात्रीं जागून तें अवश्य पाहावें, कारण त्या २४ पावलांत जन्मभराची साधना असते. मात्र पाहतां पाहतां, हें कोणाच्या डोळ्यानें दिसतें आहे, एवढा प्रश्न मनाशीं जागा ठेवावा. तो जागा राहिला तर पुढच्या वेळीं रेल्याचा फेर मोडण्याची गरज भासणार नाहीं. पाहुणेच खुर्च्या सोडून फेराच्या कडेला जाऊन उभे राहतील.