एका मणक्यानंतर दुसरा
(सुवर्णमहोत्सवी आरोग्य शिबिरातील भाषण)



मी वैद्य नाही, कापडाचा व्यापारी आहे. तरीही उभा राहिलो, कारण आमच्या सौभाग्यवतींचे दुखणे मी जवळून पाहिले आहे. घागर उचलताना त्यांचा एक मणका दबला. मुरुमहून सोलापूरला नेले. तेथे एका रुग्णालयात सुईवाटे मणक्यात सिमेंट भरले. व्हर्टिब्रोप्लास्टी म्हणतात ती हीच. त्या दुसऱ्याच दिवशी चालू लागल्या. दुखणे संपले, असे आम्ही धरून चाललो. सातव्या महिन्यात मंदिरात पंचांग वंदना करताना त्या वाकल्या आणि त्यांना सरळ होता येईना. लगतचा मणका दबला होता.

सिमेंटने कठीण झालेल्या मणक्यामुळे शेजारच्या मणक्यावर ताण येतो, असे काही तज्ज्ञ मानतात. अनेक अभ्यासांत तसे आढळलेले नाही. विरलेल्या धोतराला ठिगळ लावले की ते ठिगळाच्या कडेला फाटते, हे मी जाणतो. पण दोष मुळात पोताचा असतो. 2001 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मणका दबलेल्या सुमारे पाचांतील एका स्त्रीचा वर्षाच्या आत दुसरा मणका दबला होता. सिमेंटचा तेथे संबंधच नव्हता.

घरी परतताना आमच्या कागदावर वेदनाशामक गोळ्या आणि कॅल्शियम एवढेच होते. हाडांच्या ठिसूळपणावर औषध कोणते, हे मीही विचारले नाही. मीटरभर कापड घेणारे गिऱ्हाईक रंग जाईल का, हे चारदा विचारते!

पुढे डेक्सा तपासणी झाली व आठवड्यातून एकदा अ‍ॅलेंड्रोनेटची गोळी सुरू झाली. ती उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर घ्यावयाची आणि अर्धा तास आडवे व्हावयाचे नाही. नवकारसी करणाऱ्यांची यात अडचण नाही. नवकारसी पारल्यावर आधी गोळी, अर्ध्या तासाने चहा. गोळी न सोसणाऱ्यांसाठी वर्षातून एकदा शिरेतून देण्याचे झोलेड्रोनिक अ‍ॅसिड आहे. कोणाला काय योग्य, ते डॉक्टरांनी ठरवावे.

अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या 1984 सालच्या एका लहान अभ्यासात पुढे वाकण्याचे व्यायाम करणाऱ्या 89 टक्के स्त्रियांचे मणके पुन्हा दबले. पाठ मागे ताणण्याचे व्यायाम करणाऱ्यांत हे प्रमाण 16 टक्के होते. सौभाग्यवती आता खुर्चीवर बसूनच हात जोडतात. प्रारंभी त्यांना फार संकोच वाटे. सभामंडपात खुर्च्या चारच आहेत. विश्वस्तांनी आणखी काही ठेवाव्यात, एवढी विनंती करतो.

जय जिनेंद्र.