दमा आणि वजनाचं ऑपरेशन



"मला दमा आहे, वजनाचं ऑपरेशन झेपेल का?" असं विचारणाऱ्याला 'हो' किंवा 'नाही' हवं असतं. मी भूलतज्ज्ञ आहे. मी आधी उलट विचारते, तुम्हाला धाप लागते ती नेमकी कशानं?

पोटातली चरबी श्वासपटलाला वर रेटते. आडवं झालं की जास्तच. मग फुप्फुसांचा खालचा भाग नीट उघडत नाही आणि दमा नसलेल्यालाही धाप लागते. अशी काही माणसं वर्षानुवर्षं दम्याची औषधं घेतात. उलट, चुलीच्या धुरात आयुष्य गेलेल्या बाईची धाप 'वजनामुळंच' म्हणून सोडून देतात आणि तिचा सीओपीडी, म्हणजे श्वासनळ्या कायमच्या अरुंद करणारा आजार, तसाच राहतो. नळीत फुंकायची तपासणी, म्हणजे स्पायरोमेट्री, ऑपरेशनआधी करायची ती यासाठी. खरा दमा वजन उतरल्यावर बऱ्याच जणांना कमी त्रास देतो. सीओपीडीत खराब झालेलं फुप्फुस मात्र परत येत नाही. त्यावरचा भार तेवढा हलका होतो.

स्थूल माणसाच्या फुप्फुसांत प्राणवायूचा साठा कमी, म्हणून भूल देताना आम्ही डोक्याकडची बाजू उंच ठेवतो. दुर्बिणीच्या ऑपरेशनसाठी पोट कार्बन डायऑक्साइडनं फुगवतात. तो रक्तात उतरतो आणि फुप्फुसांनाच बाहेर टाकावा लागतो. म्हणून दमा उसळलेला असताना आम्ही तारीख पुढं ढकलली तर रागावू नका.

ऑपरेशनच्या सकाळी उपाशी राहायला सांगितलं म्हणून काहीजण दम्याचा पंपही (इन्हेलर) घेत नाहीत. पंप त्या सकाळीही घ्यायचाच. स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर त्या मनानं बंद करू नका. अचानक थांबवल्या तर रक्तदाब कोसळू शकतो.

कोणतं ऑपरेशन, हेही ठरवावं लागतं. स्लीव्हनंतर, म्हणजे जठर कापून नळीसारखं अरुंद केल्यावर, छातीतली जळजळ वाढू शकते आणि वर येणारं आम्ल दमा चेतवतं. जळजळ आधीपासूनच असेल तर बायपास, म्हणजे जठर छोटं करून आतड्याला जोडणं, बहुधा बरी. पण बायपासनंतर बिडी-सिगारेट चालू राहिली, तर आतड्याच्या जोडावर व्रण होण्याचा धोका वाढतो. मिश्री म्हणजेही तंबाखूच; लावत असाल तर तेही सांगा. काही बायका हे लपवतात.

राहिलं घोरणं. घोरणाऱ्या काहींचा झोपेत श्वास अडतो. हे झोपणाऱ्याला कळत नाही, पण भूल देणाऱ्याला आधी कळायलाच हवं. तेव्हा तपासणीला येताना तुमचं घोरणं ऐकणारं माणूस सोबत आणा.