दुष्काळ शिवारातला आणि मनातला



दुष्काळ आणि मनाचे आरोग्य या विषयावर चार शब्द बोलावेत, अशी समितीची आज्ञा झाली. आम्ही डॉक्टर नव्हे, बँकेतील कारकून मंडळी. परंतु दुष्काळात माणूस कसा खचतो, हे दवाखान्याच्या अगोदर बँकेच्या खिडकीवर दिसते. माणूस पासबुक पुढे करतो, थकबाकीचा आकडा ऐकतो आणि काही न बोलता निघून जातो. ते न बोलणेच आज आमच्या चिंतेचा विषय आहे.

आपल्या जालना जिल्ह्याला दुष्काळ नवा नाही. १९७२ साली आपल्या वडीलधाऱ्यांनी खडी फोडून दिवस काढले. २०१२-१३ साली मोसंबीच्या बागाच्या बागा वाळून गेल्या. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये शासनाने राज्यातील ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यातही आपले तालुके होतेच. परंतु यात एक फरक आहे. १९७२ ला धान्य नव्हते, पण सारे गाव एका कामावर होते, दुःख सर्वांचे होते. आज रेशनचे धान्य मिळते, पण बोअरचे, ठिबकचे, बागेचे कर्ज ज्याचे त्याच्या नावावर असते. मोसंबीला फळ धरायला चार-पाच वर्षे लागतात आणि ती एका उन्हाळ्यात जळते. मग तो माणूस घरात एकटाच हिशेब मांडत बसतो.

ज्यांच्या नावावर सातबाराच नाही, त्यांचे काय? आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या कुटुंबाला शासन एक लाख रुपये देते, परंतु त्यासाठी जमीन आणि कर्जाचा कागद पाहिला जातो. शेतमजूर, ऊसतोडीला जाणारा, गायरान कसणारा, यांचे दुःख त्या कागदात बसत नाही. आपल्या समाजात अशी घरे पुष्कळ आहेत, हे सांगणे न लगे.

बंधूंनो, झोप उडणे, जेवण सुटणे, चारचौघांत येणे बंद होणे, अचानक दारू वाढणे, "आता माझा काय उपयोग" असे बोलणे, ही आजाराची लक्षणे आहेत. हा भित्रेपणा नव्हे आणि बाहेरची बाधाही नव्हे. अशा माणसाला सरळ विचारावे, "जिवाचे बरेवाईट करण्याचे मनात येते का?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट मनावरचे ओझे उतरते. त्याला एकटे सोडू नये. फवारणीचे औषध घरात न ठेवता कुलपात किंवा शेजाऱ्याकडे ठेवावे.

सोयी आहेत, पण माहीत नाहीत. २०१५ साली शासनाने मराठवाडा व विदर्भातील १४ जिल्ह्यांसाठी प्रेरणा प्रकल्प सुरू केला. आशाताईंनी घरोघर विचारपूस करून खचलेल्या माणसाला उपचारापर्यंत न्यावे, ही त्यामागील कल्पना. २०२२ पासून टेली-मानस ही सेवा आहे. १४४१६ या क्रमांकावर रात्री-अपरात्रीही फुकट बोलता येते, मराठीतही. २०१७ च्या कायद्याने आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्याला गुन्हेगार न मानता उपचार द्यावेत असे ठरवले आहे. तेव्हा पोलिसांच्या धाकाने कोणी दवाखाना टाळू नये.

बँकेच्या बाजूनेही एक सांगतो. दुष्काळ जाहीर झाला की पीककर्जाचे पुनर्गठन आणि वसुलीला स्थगिती अशा सवलती लागू होतात. ही माहिती वेळेवर मिळाली तर पुष्कळांची रात्रीची झोप परत येईल.

समितीस आमची नम्र सूचना अशी. प्रत्येक वस्तीत दोन माणसे व दोन भगिनी नेमाव्यात. त्यांनी आठवड्यातून एकदा अडचणीतील घरी जाऊन नुसते बसावे, ऐकावे. घरधनी गेलेल्या भगिनीला वारस नोंदीसाठी तलाठ्याकडे आणि कर्जाच्या कागदांसाठी बँकेत सोबत करावी. अर्ज लिहून देण्याचे काम आम्ही बँकेतील मंडळी आनंदाने करू.

पाऊस आपल्या हाती नाही. शेजाऱ्याचे दार वाजवणे मात्र आहे. एवढे बोलून आमचे दोन शब्द संपवतो. जयभीम.