पैठणचा रांजण आणि आपली खालची वस्ती
(दिंडीच्या शताब्दी सोहळ्यात केलेले भाषण)



दिंडीला शंभर वर्षं पुरी झाली. मंडळींनी आज्ञा केली, महाराज, चार शब्द बोला. आम्ही चौथी शिकलेले, औत हाकणारे. ग्रंथ फोडून सांगणं आमच्याच्यानं व्हायचं नाही. यंदा नाथषष्ठीला आपली दिंडी पैठणला गेली, तिथं एका दिवसात जे पाहिलं तेवढं सांगतो. ज्यांना येणं जमलं नाही त्यांचाही त्यात वाटा आहे.

पैठण फार जुनं गाव. सातवाहन राजांची ती राजधानी, तेव्हा नाव प्रतिष्ठान. पुढं शास्त्री-पंडितांचं गाव म्हणून नाव झालं. म्हणूनच ज्ञानोबा माउली आणि भावंडं शुद्धिपत्र मागायला तिथं गेली. रेड्यामुखी वेद वदवले ती जागा नागघाटावर दाखवतात. ज्यांना धर्मानं दाराबाहेर ठेवलं होतं, त्यांच्यासाठी एक मुकं जनावर बोललं. आम्ही तिथं बराच वेळ हात जोडून उभे होतो.

पहाटे गोदामाईचं स्नान झालं, मग काठावर नाथांच्या समाधीचं दर्शन. शके 1521, फाल्गुन वद्य षष्ठीला नाथांनी देह ठेवला. समाधीजवळ उभं राहिलं की वाळवंट आठवतं. भर दुपारी तापल्या वाळूत एक लेकरू रडत होतं, ज्याला शिवू नये असं लोक म्हणत त्या घरचं. नाथांनी ते कडेवर घेतलं, पुसलं, त्याच्या घरी पोचवलं. काशीची गंगा कावडीनं रामेश्वराला चालली होती, वाटेत गाढव तहानेनं तडफडताना दिसलं, तर ती गंगा त्याच्या तोंडात ओतली. कीर्तनात ह्या कथा आपण हजारदा ऐकल्या. त्या गावच्या मातीवर उभं राहून आठवल्या की अंगावर काटा येतो.

मग गावातल्या नाथवाड्यात गेलो. भगवंतानं श्रीखंड्याच्या रूपानं बारा वर्षं पाणी भरलं तो रांजण तिथं आहे. षष्ठीच्या उत्सवात भाविक गोदावरीचं पाणी आणून त्यात ओततात. रांजण भरून वाहिला की देव आला, अशी श्रद्धा. रांगेत आपल्या दिंडीतल्या एका आजीनं विचारलं, "महाराज, ह्यात कोणाची घागर चालती?"

आम्ही म्हणालो, "आजी, कोणाचीबी."

आजी गप झाली. थोड्या वेळानं म्हणाली, "मग आपल्या गावात का चालत न्हाई?"

मायबाप हो, हे बोलण्यासाठीच आज आम्ही उभे आहोत. पैठणच्या वर जायकवाडीचं धरण आहे, नाथांच्या नावाचा सागर आहे. आपल्याकडं चैत्र लागला की टँकर. टँकर आला की वरच्या आळीचे हंडे पुढं लागतात, आणि खालच्या वस्तीच्या बाया तळाचा गाळ भरून नेतात. हे सगळ्या गावाच्या डोळ्यापुढचं आहे, कोणा एकाला बोल लावत नाही.

दिंडीत चालताना आपण एकमेकांच्या पाया पडतो. समोरचा कोणत्या आळीचा हे विचारत नाही. मग टँकरपाशीच का विचारतो?

शताब्दीच्या वर्गणीतून वेशीवर कमान बांधायचं ठरलं आहे. कमान चांगलीच, पण ती पुढच्या वर्षी बांधू. ह्या वर्षी त्या पैशातून खालच्या वस्तीत पाण्याची टाकी बसवू. टँकर आधी तिथं रिकामा होऊ द्या, मग वर येऊ द्या. हंडे नंबरानं लागू द्या. जागा आमच्या वावराच्या कडेला आहे, ती आम्ही देतो. खोदायला दिंडीतली पोरं येतील, त्यांनी होकार दिला आहे.

ज्यानं नाथांच्या घरी पाणी भरलं, तो आपल्या टाकीवर यायला लाजणार नाही. येत्या एकादशीला बैठक आहे. खालच्या वस्तीतल्या मंडळींना आपण स्वतः जाऊन बोलवू, आणि त्यांच्यादेखत निर्णय करू.

बोला, पुंडलीक वरदा हरि विठ्ठल!