प्रौढपणीचे इंग्रजी आणि पडद्यावरचा शिक्षक
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी कार्यक्रमात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवाच्या प्रसंगी मराठी मंडळाच्या व्यासपीठावर उभे राहायचे आणि विषय घ्यायचा इंग्रजीचा, हे आपल्यापैकी काहींना खटकेल. संयोजकांनीही 'मराठीविषयी चार शब्द बोला' असेच सुचविले होते. परंतु गेली काही वर्षे आपल्याच ओळखीच्या घरांतून मी एक गोष्ट पाहतो आहे आणि तिच्याविषयी कोणी उघडपणे बोलत नाही. रात्रीची जेवणे आटोपली की घरातले पंचेचाळीस-पन्नाशीचे, क्वचित साठी उलटलेले एखादे माणूस आतल्या खोलीत जाते, दार लोटून घेते आणि मोबाईलच्या पडद्यावर दिसणाऱ्या शिक्षकाकडून अर्धा तास इंग्रजी शिकते. शिक्षक कधी पुण्याचा असतो, कधी बंगळूरचा, कधी थेट फिलिपाईन्सचा. २०२० सालच्या टाळेबंदीत मुलांच्या शाळा पडद्यावर आल्या. पुढे मुले आपल्या वर्गात परत गेली. मोठी माणसे मात्र त्या पडद्यापुढे येऊन बसली.

ही मंडळी हा खटाटोप कशासाठी करतात? विचारले तर पहिले उत्तर मिळते ते नोकरीचे, बढतीचे. सरकारदरबारी तेच उत्तर मान्य आहे. केंद्र सरकार आपल्या अहिंदी कर्मचाऱ्यांना हिंदी शिकविते आणि विहित परीक्षा उत्तीर्ण होणाऱ्यास बारा महिने एका वेतनवाढीइतके वैयक्तिक वेतन देते. तो लाभ मीही घेतला आहे, त्यामुळे त्याची थट्टा करण्याचा अधिकार मला नाही. परंतु या रात्रीच्या इंग्रजीला कोणी वेतनवाढ देत नाही. उलट पदरचे पैसे मोजावे लागतात.

शिवाय दिल्लीत इंग्रजीवाचून अडते कुठे? भाजीबाजार, बँक, इस्पितळ, सगळे हिंदीवर निभावते. आपल्यातली गलाई व्यवसायातली कुटुंबे पाहा. सांगली जिल्ह्यातल्या खानापूर-आटपाडीच्या दुष्काळी मुलखातून निघालेली ही माणसे सोने-चांदी गाळून शुद्ध करण्याच्या कसबावर देशभर पसरली, तशी आपल्या करोलबागेतही आली. त्यांचा सारा व्यवहार हिंदीत चालतो आणि उत्तम चालतो. त्यांच्यापैकी एक वहिनी गेले वर्षभर आठवड्यातून तीन दिवस इंग्रजी शिकत आहेत. मी कारण विचारले. त्यांची दोन्ही मुले इंग्रजी माध्यमात. पालकसभेत वर्गाच्या बाई सर्वांशी इंग्रजीत बोलत. वहिनींची पाळी आली की क्षणभर थांबत, हसत आणि हिंदीत बोलू लागत. "बाईंचं काही चुकलं नाही, भाऊजी," वहिनी म्हणाल्या, "माझ्या सोयीसाठीच त्या हिंदीत बोलायच्या. पण त्या जरा थांबायच्या ना, ते माझा मुलगा बघायचा."

वहिनींच्या या वाक्यापाशी मी बराच काळ अडखळलो, कारण माझे स्वतःचे दुखणे त्याहून फार वेगळे नाही. आमच्या पिढीने मराठी शाळेत पाचवीपासून इंग्रजी घेतले, पुढे बी.ए. झालो, नोकरीत टिप्पण्या आणि मसुदे लिहिण्यात केस पांढरे झाले. लेखी इंग्रजीची मला धास्ती नाही. फायलीवरच्या इंग्रजीला शेदोनशे ठरावीक शब्द पुरतात आणि ते हाताला आपोआप आठवतात. बैठकीत लिहून नेलेले निवेदनही वाचता येते. पण त्यानंतर चहाचा पेला हातात घेऊन परगावच्या पाहुण्याशी पाच मिनिटे हवापाण्याच्या गप्पा मारायच्या म्हटले की जीभ टाळूला चिकटते, आणि हाताखालचे अधिकारी शेजारी उभे असतात. इंग्रजी संभाषणाचे वर्ग दिल्लीत गल्लोगल्ली आहेत. तेथे जाऊन विशीतल्या मुलांच्या बाकावर बसणे मला जमले नसते. पडद्यावरच्या शिक्षकाला माझा हुद्दा ठाऊक नाही आणि माझी चूक ऐकायला खोलीत तिसरे कोणी नाही. ही सवलत फार मोठी आहे. पैशांची आणि प्रवासाची बचत हे या पद्धतीचे फायदे म्हणून सांगतात, ते खरेच आहेत. पण प्रौढाला खोलीत ओढून नेतो तो हा एकांत.

असा एकांत पूर्वी किती महाग होता, याचे उदाहरण आपल्या इतिहासात आहे. रमाबाई रानडे इंग्रजी शिकू लागल्या तेव्हा घरातल्या वडीलधाऱ्या स्त्रियांकडून त्यांना काय ऐकून घ्यावे लागले, ते त्यांच्या आठवणींत आहेच. मला मात्र अधिक जवळच्या वाटतात त्या पार्वतीबाई आठवले. जन्म १८७०चा. वैधव्यानंतर त्या शिकल्या आणि महर्षी कर्व्यांच्या हिंगण्याच्या आश्रमासाठी गावोगाव वर्गणी गोळा करीत हिंडल्या. इंग्रजीवाचून या कामाला मर्यादा पडतात, हे त्यांना जाणवत होते. कामाच्या रगाड्यात येथे ते शिकणे काही होईना. तेव्हा १९१८ साली, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, त्या अमेरिकेस गेल्या आणि लोकांच्या घरी घरकाम करीत इंग्रजी शिकल्या. आश्रमात ज्यांचा शब्द मानला जाई, त्या बाई परक्या स्वयंपाकघरात भांडी घासताना चुकतमाकत बोलत होत्या. तेथे चुकणे त्यांना सोपे गेले असावे, असा माझा आपला तर्क आहे.

या विषयाचा शास्त्रीय अभ्यासही झाला आहे. गार्डनर आणि लॅम्बर्ट या मानसशास्त्रज्ञांनी १९५९ साली कॅनडातल्या मॉन्ट्रियल येथे फ्रेंच शिकणारे विद्यार्थी तपासले आणि मत मांडले की, ती भाषा बोलणाऱ्या समाजाविषयी आपलेपणा वाटणे, ही प्रेरणा नुसत्या उपयुक्ततेपेक्षा बळकट असते. १९७२ साली यास्मिन लुकमानी यांनी मुंबईतल्या मराठी भाषक शाळकरी मुलींचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात उलट आढळले. त्या मुलींना इंग्रजी बोलणाऱ्यांसारखे व्हायचे नव्हते. आपल्या लोकांत राहूनच पुढे जाण्यासाठी इंग्रजी हवे होते, आणि ज्यांची ही उपयोगाची ओढ अधिक, त्यांचे इंग्रजीही अधिक चांगले होते. मराठी माणसाला हा निष्कर्ष ओळखीचा वाटेल.

माझे निरीक्षण दहा-बारा घरांपुरते आहे, त्याला शास्त्राचा आधार नाही. ज्यांना तारखेसाठी इंग्रजी हवे असते, म्हणजे मुलाखत, व्हिसा, परदेशवारी, ते जोमाने सुरू करतात आणि तारीख उलटली की थांबतात. पुढच्या तासांचे भरलेले पैसेही तसेच पडून राहतात. ज्यांच्या मनात एखादे माणूस असते, ते हळू शिकतात, कंटाळतात, पण पुन्हा येऊन बसतात. वहिनींच्या मनात मुलगा आहे.

नोएडात राहणाऱ्या आमच्या परिचयाच्या एका आजींच्या मनात नातू आहे. तो परदेशात वाढतो आहे; त्याला मराठी येत नाही. आजींनी मुद्दाम मराठी न जाणणारी शिक्षिका घेतली, नाहीतर आपण मराठीतच बोलत बसू म्हणून. मंडळातल्या एका ज्येष्ठ सभासदांनी यावर मला सुनावले, "आजीने सत्तरीत इंग्रजी शिकायचे, की नातवाने मराठी?" प्रश्न रास्त आहे. नातवाने शिकायलाच हवे होते, असे माझेही मत आहे. मी तो प्रश्न आजींपुढे ठेवला. त्या म्हणाल्या, "त्याचे आईबाप शिकवतील तेव्हा शिकवतील. तोवर मी गप्प बसू का?" आणि मग त्यांनी सांगितले की, नातवाला पुरणपोळी समजावताना त्यांनी शिक्षिकेने दिलेली 'गोड चपाती' बाजूला ठेवली आणि 'पुरणपोळी' हाच शब्द त्याच्याकडून पाच वेळा म्हणून घेतला.

माझा पुढचा पाठ उद्या सकाळी साडेसहाला आहे. आजच्या भाषणाचा सारांश पाच मिनिटांत इंग्रजीत तोंडी सांगणे, हा गृहपाठ आहे आणि तो अजून व्हायचा आहे. तेव्हा आपली रजा घेतो.