पाठांतराकडून मननाकडे

(एका सार्वजनिक ग्रंथालयाच्या व्याख्यानमालेत ‘बंधुसंघ आणि वाचन’ या विषयावर दिलेले भाषण)



आजच्या विषयासाठी मी फ्रीमेसन या संघाचे उदाहरण निवडले आहे, याचे आपल्यापैकी काहींना आश्चर्य वाटेल. मी त्या संघाचा सभासद नाही. परंतु एका मेसन गृहस्थांनी मला वाचायला शिकवले, आणि ते ऋण आज जाहीरपणे मान्य करायचे आहे.

पत्रकारितेत येऊन मला दोन-तीन वर्षेच झाली होती. रविवारच्या पुरवणीत जागा भरायची होती, म्हणून मेसनांच्या गुप्ततेवर एक चटपटीत मजकूर मी लिहून दिला. त्यांचे अमेरिकन नेते अल्बर्ट पाइक यांनी सैतानाची उपासना सांगितल्याचे एक ‘अवतरण’ त्यात होते. चार दिवसांनी एक निवृत्त गृहस्थ कार्यालयात आले. त्यांनी पाइक यांचा ‘मॉरल्स अँड डॉग्मा’ हा १८७१ चा आठशेहून अधिक पानांचा ग्रंथ माझ्या टेबलावर ठेवला आणि शांतपणे विचारले, “तुम्ही छापलेलं वाक्य कोणत्या पानावर आहे, तेवढं दाखवा.” मी निरुत्तर झालो. “ग्रंथ ठेवून जातो. वाचून झाला की परत करा, घाई नाही,” एवढेच बोलून ते गेले.

ते वाक्य त्या ग्रंथात नव्हतेच. त्याचा उगम लिओ टॅक्सिल नावाच्या फ्रेंच लेखकाने रचलेल्या बनावात होता. १८८५ पासून बारा वर्षे हा गृहस्थ मेसनांविषयी भयकथा लिहीत राहिला आणि १९ एप्रिल १८९७ रोजी पॅरिसमधील भरसभेत आपण सर्वांना फसवल्याचे त्याने स्वतःच सांगून टाकले. कबुलीजबाबाला सव्वाशे वर्षे उलटून गेली, तरी ते वाक्य फिरतच आहे. आता ते मोबाईलवरून फिरते. मी त्या साखळीतील एक कडी झालो होतो. ऐकले, आवडले, छापले. या तीन क्रियांच्या मध्ये मनन कोठेच नव्हते.

परंतु मननाचा अभाव हा केवळ बाहेरच्यांचा दोष नाही. मेसनांच्या सभास्थानाला लॉज म्हणतात. तेथे दीक्षेच्या तीन पायऱ्या आहेत, आणि विधीची लांबलचक वचने पुस्तक न पाहता म्हणण्याची परंपरा आहे. गवंड्याच्या हातातील गुण्या, पाणसळ आणि ओळंबा यांतून सचोटी, समता आणि सरळपणा शिकवला जातो. दुसऱ्या पायरीवर व्याकरण, तर्क, भूमिती, संगीत, खगोल आदी सात विद्यांच्या अभ्यासाचा उपदेश आहे. म्हणजे अध्ययन हे या संघाच्या शिकवणीतच आहे. तरीही वचने बिनचूक म्हटली की झाले, अर्थाकडे कोण पाहतो, ही तक्रार मेसन मंडळी स्वतःच करीत आली आहेत. पाठांतराने परंपरा टिकते हे खरे. पण ती जिवंत राहते ती अर्थ शोधणाऱ्यांमुळे.

याचे एक बोलके उदाहरण पाहा. गवंड्यांच्या बंधुत्वाविषयीचे सर्वांत जुने उपलब्ध हस्तलिखित सुमारे सहाशे वर्षांपूर्वीचे, ७९४ ओळींचे काव्य आहे. ते १७५७ मध्ये ब्रिटिश म्युझियमकडे आले. सूचीमध्ये त्याची नोंद नैतिक कर्तव्यांवरील काव्य अशी होती, आणि म्हणून त्याकडे कोणाचे लक्ष गेले नाही. अखेर जेम्स हॅलिवेल या विशीतल्या अभ्यासकाने ते प्रत्यक्ष वाचले, त्याचे महत्त्व ओळखले आणि १८४० मध्ये ते प्रसिद्ध केले. हॅलिवेल मेसन नव्हता! घरातील ठेव शेजाऱ्याने दाखवून द्यावी, तसे झाले.

या उणिवेची जाणीव होऊन १८८४ मध्ये लंडनमध्ये ‘क्वाटुओर कोरोनाटी’ हे केवळ संशोधनाला वाहिलेले लॉज मंजूर झाले. तेथे एक सभासद निबंध वाचतो, इतर बंधू त्यावर आक्षेप घेतात, आणि निबंध व चर्चा दोन्ही वार्षिक ग्रंथात छापले जातात. सॉलोमनच्या मंदिराच्या कारागिरांपासून आपला संघ अखंड चालत आला, ही प्रिय समजूत इतिहास म्हणून बाजूला ठेवावी लागली. रूपक म्हणून तिचे स्थान कायम राहिले. २०१७ मध्ये इंग्लंडमधील संघाने आपली त्रिशताब्दी साजरी केली. त्याच सुमारास दोन अभ्यासकांनी, स्थापना १७१७ ची नसून १७२१ ची असावी, असे प्रतिपादन केले. त्याने संघ कोसळला नाही. ज्याचा पाया प्रश्नाने हलतो, तो पायाच कच्चा असतो.

मननाचा दुसरा पैलू आचरणाचा. १७२३ मध्ये छापलेल्या मेसनांच्या घटनेत, सर्व माणसांना मान्य असलेला धर्म एवढीच अट होती. तरी हिंदुस्थानात युरोपीय बंधूंनी एतद्देशीयांना दीर्घकाळ दूर ठेवले. मुंबईत १८४३ मध्ये ‘रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’ हे लॉज निघाले, तेव्हा माणकजी करसेटजींसारख्या पारशी गृहस्थांना दार उघडले. कोलकात्यात प्रसन्नकुमार दत्त यांना प्रवेश मिळण्यास १८७२ साल उजाडावे लागले. पुढे १८८४ मध्ये त्याच नगरीत नरेंद्रनाथ दत्त या तरुणाने दीक्षा घेतली. तेच पुढे स्वामी विवेकानंद झाले. बंधुत्वाची वचने मुखोद्गत असणारेच बंधूला दाराबाहेर उभे करीत होते. ओठावरील शब्द आणि हातून घडणारे वर्तन यांतील हे अंतर मननावाचून दिसत नाही.

आपल्याकडे याज्ञवल्क्यांनी मैत्रेयीला श्रवण, मनन आणि निदिध्यासन असा क्रम सांगितला. आपण बहुधा श्रवणापाशीच थांबतो. कोणत्याही संघटनेचा, मंडळाचा अथवा कुटुंबाचा घटक असलेल्या प्रत्येकाने रोज एकच पान वाचावे, पण तीन प्रश्न विचारून. हे कोणी, केव्हा लिहिले? मूळ आधार कोठे आहे? आणि हे खरे असेल, तर माझ्या आजच्या वागण्यात काय बदलायला हवे? सभेत आठवड्यातून एकदा चार जणांनी मिळून असे पान वाचले, आणि मतभेदाला मोकळीक दिली, तर सौहार्द कमी होत नाही. ते अधिक पक्के होते.

तो ग्रंथ परत करायला मला दीड वर्ष लागले. गृहस्थांनी दार उघडले. सगळा वाचला का, असे त्यांनी विचारले नाही. विचारले ते असे, “कोणत्या पानाशी तुमचं पटलं नाही?” मी थोडा गोंधळलो. तेव्हा त्यांनी प्रस्तावना उघडून दाखवली. जे खरे वाटणार नाही ते नाकारण्यास प्रत्येक वाचक मोकळा आहे, असे पाइक यांनी तेथेच नमूद केले होते. आठशे पाने वाचूनही मी नेमके तेच वगळले होते!

त्या दिवसापासून, माझ्या हातून जाणाऱ्या प्रत्येक अवतरणाला मी आधी विचारतो, “कोणते पान?” तोच प्रश्न आज आपल्या स्वाधीन करून मी थांबतो.