वकिलाचे मौन



आम्हा वकिलांना लोक विचारतात, "एखाद्या घरात मुलाचे वा म्हाताऱ्याचे हाल होत आहेत, हे तुम्हांस अशिलाकडून कळले, तर तुम्ही गप्प कसे बसता?" प्रश्न रास्त आहे.

आमच्या तोंडाला कायद्याचेच कुलूप आहे. १८७२ च्या पुरावा कायद्याचे १२६ वे कलम हेच सांगत होते आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या साक्ष्य अधिनियमाचे १३२ वे कलमही तेच सांगते: अशिलाने कामासाठी सांगितलेले त्याच्या संमतीवाचून उघड करू नये. विश्वास नसेल तर कोणी खरे सांगणार नाही.

उलटपक्षी, २०१२ च्या पॉक्सो कायद्याचे १९ वे कलम म्हणते की, अठरा वर्षांखालील मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे ज्याला ठाऊक आहे, त्या कोणाही व्यक्तीने पोलिसांना कळवावे. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड वा दोन्ही. वकिलाला तेथे सूट लिहिलेली नाही.

मग वाट कोणती? आमच्या मते, आरोपी बचावासाठी घडून गेलेले सांगतो, ते राखावे. पण बेकायदा हेतू साधण्यासाठी केलेल्या बोलण्याला आणि वकीलपत्र घेतल्यानंतर नजरेस आलेल्या नव्या गुन्ह्याला ते कवच नाहीच, तेथे बोलावे. आणि सांगणारी मुलाची आईच अशील असेल, तर गुपित तिचे आहे. तिची संमती घेऊन तिच्याबरोबर ठाण्यावर जावे.

वृद्धांसाठी २००७ चा कायदा आहे. वकिलाने कळवावे असे बंधन त्यात नाही. म्हणून काम संपत नाही. मुलगा बापाला बक्षीसपत्रासाठी घेऊन येतो. त्या वेळी मुलाला बाहेर बसवावे आणि बापाला एकट्याला विचारावे. सांभाळ करण्याची अट पत्रात स्पष्ट लिहावी. ती मोडल्यास २३ व्या कलमाखाली न्यायाधिकरण ते पत्र रद्द ठरवू शकते.

शेवटी एक आपल्यासाठी. पॉक्सोचे ते कलम वकिलांपुरते नाही, शेजाऱ्यालाही लागू आहे. सद्भावनेने कळवणाऱ्यास त्यात संरक्षणही आहे. आमच्या तोंडाला कुलूप तरी आहे. भिंतीपलीकडचे रडणे ऐकणाऱ्यांच्या तोंडाला ते कोणी घातले?